आकृती कलंडते, कारण भार अजून सापडलेला नाही

प्रिय विद्यार्थिनी,

तू लिहितेस की चेहरे जमतात, पण पूर्ण उभी आकृती काढायला घेतली की पाय कागदाबाहेर जातात आणि आकृती एका बाजूला कलंडते. हात जमत नाहीत म्हणून ते खिशात किंवा पाठीमागे लपवतेस. स्नायूंची नावं तोंडपाठ असूनही सर ‘जीव नाही’ एवढंच म्हणतात. वर्गातले बाकीचे पुढे गेले, आता शाखा बदलू का, असं तुझं विचारणं आहे.

शाखेचा निर्णय आज घेऊ नकोस. चेहरे जमतात म्हणजे नजर आणि हात दोन्ही ठीक आहेत. तुझा क्रम चुकतो आहे, आणि क्रम बदलता येतो.

आधी पायांचं. तू डोक्यापासून सुरुवात करतेस, त्यावर वेळ घालवतेस आणि मग त्याच मापाने खाली उतरतेस. प्रौढ माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांची असते. म्हणजे डोकं एक सेंटिमीटर मोठं झालं की आकृती सात-साडेसात सेंटिमीटर लांबते. म्हणून कागदावर सर्वांत आधी दोन खुणा कर, वर टाळू आणि खाली टाच. त्यांचा मध्य काढ. उभ्या माणसाचा मध्य कमरेवर नसतो, जांघेपाशी असतो. तिथून टाचेपर्यंतच्या अंतराच्या साधारण मध्यावर गुडघा येतो. साडेसात हा आकडा पडताळण्यासाठी आहे, समोरच्या माणसाचं माप मात्र दर वेळी नव्याने घ्यायचं. पेन्सिल समोर धरून तिच्यावर माप घेताना हात कोपरात पूर्ण ताठ ठेव आणि एक डोळा मीट. कोपर जरा वाकलं तरी माप बदलतं.

कागद टेबलावर आडवा ठेवत असशील तर ते आजच थांबव. आडव्या कागदाची वरची कड डोळ्यांपासून लांब असल्यामुळे दबलेली दिसते, म्हणून हात वरचा भाग नकळत ताणून काढतो. बोर्ड जवळजवळ उभा ठेव. दर दहा मिनिटांनी दोन-तीन पावलं मागे जाऊन बघ. मॉडेलपासून तिच्या उंचीच्या निदान दुपटीने लांब बस, नाहीतर डोकं आणि पाय एका नजरेत मावत नाहीत आणि तुकडे जोडावे लागतात.

आता कलंडण्याचं, कारण खरी मेख इथेच आहे आणि सरांच्या ‘जीव नाही’चा अर्थही बहुतेक हाच असावा. मॉडेल उभी राहिली की पहिला प्रश्न एकच: भार कोणत्या पायावर आहे? समोरून बघताना गळ्याच्या खळगीतून सरळ खाली ओळंबा सोड. भार एका पायावर असेल तर तो त्या पायाच्या घोट्यापाशी पडतो, दोन्हींवर असेल तर पावलांच्या मध्ये. तुझ्या चित्रात तो भलतीकडे पडतो, म्हणून आकृती पडायला आलेली दिसते. ज्या पायावर भार, त्या बाजूचा खुबा वर जातो आणि सहसा त्याच बाजूचा खांदा खाली येतो. हे दोन उलटे कल शिकाऊ हात आपोआप आडवे आणि समांतर करून टाकतो, आणि तिथेच आकृती ताठरते. कल दिसतो त्यापेक्षा किंचित जास्तच काढ.

रोज वीस मिनिटं एवढंच कर: तीस सेकंदांची दहा रेखाटनं, एका मिनिटाची पाच, दोन मिनिटांची पाच. तीस सेकंदांत डोक्यापासून भाराच्या पायापर्यंत एकच ओघवती रेषा. मिनिटभरात त्यावर खांदे आणि खुब्यांचे कल. दोन मिनिटांत बरगड्यांचा पिंजरा आणि कटीचा ठोकळा. चेहरा नाही, खोडरबर नाही. कोळसा लिहितो तसा न धरता आडवा धर आणि रेषा खांद्यातून येऊ दे. मॉडेल नसेल तेव्हा घरातल्या कुणालातरी दोन मिनिटं उभं कर. जवळून काढलेल्या फोटोवर विसंबू नकोस, त्यात कॅमेऱ्याजवळचा अवयव फुगतो.

स्नायूंची नावं सध्या बाजूला ठेव. त्वचेखाली हाड थेट लागतं त्या जागा शोध: गळ्याजवळची दोन आडवी हाडं, मानेचा सातवा मणका, खुब्याचं पुढचं टोक, कोपर, गुडघ्याची वाटी, नडगी, घोटा. माणूस जाड असो वा बारीक, मापं याच जागांवरून घ्यायची.

हात लपवू नकोस. ते बहुधा तू लहान काढत असशील, भीतीने बहुतेक जण तसंच काढतात. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी जवळपास हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत असते. आधी तळव्याचा एक ठोकळा, चार बोटांचा मिळून दुसरा, आणि अंगठ्याची पाचर वेगळी. बोटं सुटी करायची ती सर्वांत शेवटी. पेरांचे सांधे सरळ रेषेत नसतात, कमानीवर असतात. तळव्याच्या बाजूने बोटं आखूड दिसतात आणि पाठीच्या बाजूने लांब, हे स्वतःच्या मोकळ्या हाताकडे बघून पक्कं कर.

आठ आठवडे प्रत्येक कागदावर तारीख घाल, एकही फाडू नकोस. मग पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यातल्या आकृत्यांवर ओळंबा टाकून बघ. भार आणि मापं जागेवर आली आणि तरीही आकृती काढावीशी वाटली नाही, तर खुशाल दुसरी शाखा घे. तोवर सरांना ‘कसं झालंय?’ असं विचारू नकोस. ‘भार कुठे चुकलाय?’ असं विचार, त्याला त्यांना बोट ठेवूनच उत्तर द्यावं लागेल.