ट्रीनेल म्हणजे 'वृक्षखिळा' नव्हे

प्रश्न असा आहे: जहाजांच्या लाकडी प्रतिकृतींवर मराठीत लिहिताना 'ट्रीनेल'ला (जहाजाच्या फळ्या सांगाड्याला जोडणारी लाकडी दांडी) 'वृक्षखिळा' म्हटलं तर चालेल का?

नको. इथल्या 'ट्री'चा अर्थ झाड नाही, लाकूड आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द दोन्ही अर्थांनी चाले. गंमत म्हणजे तो आपल्या नात्यातला आहे. संस्कृत 'दारु' म्हणजे लाकूड, 'देवदार'मध्ये उरलेला तो, आणि 'ट्री' हे एकाच मुळातून आले. (प्यायची दारू वेगळी. ती फारसीतली, तिथे अर्थ औषध.) 'नेल'चंही तेच, तो 'नख'चा भाऊबंद. म्हणजे शब्दशः झालं 'दारुनख'! वाघनखाशेजारी शोभेल, पण कृपया लेखात वापरू नका. जहाजबांधणीतली माणसं स्वतः 'ट्रनल' म्हणत, तेव्हा त्यांनाही त्यात झाड दिसत नसावं.

आता वस्तू पाहा. ओकच्या लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे लोखंडी खिळा गंजतो, म्हणून फळ्या सांगाड्याला इंच-दीड इंच जाडीच्या लाकडी दांड्यांनी जोडत. दांडी घट्ट ठोकायची, टोक चिरून त्यात पाचर मारायची, वर आलेलं कापून सपाट करायचं. पुढे पाण्याने लाकूड फुगतं आणि पकड आणखी आवळते.

म्हणून 'खुंटी' मला पटत नाही. खुंटी बाहेर डोकावते, तिच्यावर टोपी अडकवता येते, फार तर अक्कल टांगता येते. 'पाचर' तर दांडीच्या टोकात बसणारी वेगळीच चीज. नुसतं 'खिळा' म्हटलं की आज डोळ्यांपुढे लोखंडच येतं. माझं मत 'मेख'ला. मेख ठोकली की आत जाते, दिसत नाही, पण सगळं तिच्यावर धरलेलं असतं. 'खरी मेख इथेच आहे' असं आपण म्हणतो ते उगाच नाही. पहिल्यांदा 'लाकडी मेख' लिहा, पुढे नुसतं 'मेख' पुरे.

प्रतिकृतीत तर ही मेख सुईएवढी होते. १:४८ प्रमाणात दीड इंचाचे जेमतेम ०.८ मिलिमीटर उरतात. त्यासाठी बांबूची काडी उभी चिरायची, टोक निमुळतं करायचं आणि सोनार तार ओढतात तशा भोकांच्या पोलादी पट्टीतून एकेका लहान भोकातून पकडीने ओढत न्यायची. मधलं भोक गाळलंत तर काडी तुटलीच. बांबूचे तंतू लांब आणि सरळ, म्हणून तो एवढा बारीक होऊनही टिकतो. इथे क्रियापद 'ओढणे' वापरा, 'बनवणे' नको. वाक्य असं होईल: 'बांबूच्या मेखा ओढून घेतल्या, भोकात गोंद लावून बसवल्या आणि वरची टोकं तासून टाकली.'