घरी योगासनं सुरू करते, पण दोन आठवड्यांत बंद पडतात. नियमितपणा कसा आणावा?

तुम्ही लिहिलंय की नोकरीमुळे क्लासला जाणं जमत नाही, नवी मॅट आणून झाली, आणि तरी तीनदा सुरू करून तीनदा सुटलं. माझं पाच वेळा सुटलं होतं, तेव्हा उत्तर द्यायला हरकत नसावी.

मी बडोद्याची, दांडिया बाजाराजवळच्या जुन्या घरात राहते. आमच्याकडे सकाळी नळाला पाणी येतं, ते मोटर लावून वरच्या टाकीत चढवावं लागतं. टाकी भरायला साधारण ३५ मिनिटं लागतात. वर्षानुवर्षं ती ३५ मिनिटं मी एक कान मोटरकडे ठेवून मोबाइल चाळत काढली. सहाव्यांदा सुरू केलं ते त्याच वेळात. मोटरचं बटण दाबलं की सतरंजी अंथरायची. टाकी वाहायला लागली की शवासनातून उठायचं, नाही उठलं तर खालच्या काकू हाका मारमारून उठवतात. पहाटे पाचचा गजर मी कित्येकदा बंद करून झोपले आहे, पण वाहत्या टाकीला तसं गप्प करता येत नाही. तुमच्या घरातही रोज न चुकता घडणारं असं काहीतरी असेलच, मुलाची व्हॅन असेल नाहीतर गॅसवरचा कुकर. योगासनं त्याला बांधा, घड्याळाला नको.

दुसरी अडचण जागेची. आमच्या दिवाणखान्यात झोपाळा आहे (आम्ही हिंचकाच म्हणतो). आसनांसाठी तो रोज कड्यांतून काढायचा, कोपऱ्यात उभा करायचा आणि नंतर परत टांगायचा. पहिल्या दोन वेळी मी सोडलं ते या हिंचक्यापायी, आळस नंतर आला. आता मी आतल्या खोलीत, पलंग आणि कपाट यांच्या मधल्या पट्टीत करते. हात आडवे पसरले की कपाटावर आपटतात, म्हणून त्रिकोणासन माझ्या यादीत नाही. त्यानं काही बिघडलेलं नाही.

तिसरं कारण जरा लांबचं आहे. माझे सासरे लहानपणी इथल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब करायचे. घाम आला नाही तर तो कसला व्यायाम, हे त्यांचं ठाम मत. त्यांच्या धाकानं मी आठवड्याभरात १२ सूर्यनमस्कारांवरून २४ वर गेले आणि मग गुडघे धरून बसले. गंमत अशी, की याच आखाड्यात प्रा. माणिकरावांच्या हाताखाली तयार झालेले एक विद्यार्थी म्हणजे स्वामी कुवलयानंद. मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, १८८३ साली बडोद्याजवळच्या डभोईत जन्मलेले. पुढे नर्मदाकाठच्या मालसरला माधवदासजींकडे ते योग शिकले आणि १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. एक्स-रे आणि रक्तदाब मोजायची यंत्रं लावून त्यांनी योगक्रिया तपासल्या. एवढा आखाड्यातला माणूस, पण त्यांच्या परंपरेत आसन शिकवतात ते सावकाश, झटका न देता, जमेल तिथवर. पतंजलींचं ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे आसन स्थिर आणि सुखाचं असावं, तेच सांगतं. हे कळल्यावर मी मोजणंच सोडलं. सासऱ्यांना अजून पटलेलं नाही.

माझा क्रम असा: ताडासन, मार्जारासन, एकेका पायानं पवनमुक्तासन, भुजंगासन, अर्धशलभासन, वक्रासन, शेवटी पाचेक मिनिटं श्वास न रोखता अनुलोम-विलोम आणि शवासन. रोज हेच, याच क्रमानं. कंटाळा येतो का? येतो. पण ‘आज काय करू’ म्हणून व्हिडिओ शोधायला बसलं की टाकी भरते आणि सतरंजी तशीच गुंडाळलेली राहते.

व्हिडिओवरून आठवलं. चौथ्या वेळी मी एक बघून थेट हलासन केलं. पाय डोक्यामागे गेले, पण मान अशी धरली की दोन आठवडे ऑफिसात कुणी हाक मारली तर अख्खं वळून बघावं लागायचं. म्हणून मानेवर भार येणारी आसनं एकटीनं शिकू नका. महिनाभर सुट्टीच्या दिवशी एखाद्या जाणत्या शिक्षकाकडे जाऊन आपली आसनं तपासून घ्या, मग घरी करा. रक्तदाब, काचबिंदू किंवा मणक्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पोट रिकामं हवं, जेवणानंतर तीन-चार तास तरी जाऊ द्यावेत. मी मात्र आधी अर्धा कप चहा घेते. योगशिक्षकांनी हे वाक्य वाचू नये.

सणासुदीला काय, हेही सांगते, कारण माझं पाचव्यांदा सुटलं ते नवरात्रात. बडोद्यात नऊ रात्री गरबा म्हणजे झोपायला एक वाजतो, सकाळी पोटऱ्या दगड झालेल्या असतात. आता त्या दिवसांत मी भिंतीला पाय टेकवून नुसती पडते, आणि पंधरा मिनिटांनी उठते. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीपासून १५ जानेवारीच्या वासी (शिळ्या) उत्तरायणापर्यंत, पतंग बघून मान इतकी आखडलेली असते की भुजंगासनाला सुट्टी. सतरंजी मात्र मोटर लागली की अंथरायचीच, वर काय करायचं ते त्या दिवशीच्या अंगावर सोडते.

एक राहिलं. पाणीकाप असतो त्या दिवशी मोटर लागत नाही, आणि माझं सगळं अजूनही चुकतं. त्यावर कुणाला काही सुचलं तर खाली लिहा.