परदेशात इंग्रजी शिकवायला कुठं जाऊ? तासगावकडच्या एका शिक्षिकेचा हिशेब

“परदेशात इंग्रजी शिकवायला जायचंय. कुठं गेलं तर पैसे जास्त शिल्लक राहतील?” सांगलीत माझ्याकडे सल्ल्याला येणारे तरुण शिक्षक हल्ली वरचेवर हे विचारतात. विचारणारे हावरट नसतात. एम.ए., बी.एड. झालेलं असतं, टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा दिलेली असते आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून वर्षं गेलेली असतात. शिक्षणसेवक म्हणून लागलं तरी २०२३ च्या वाढीनंतर माध्यमिकला मानधन महिन्याला १८,००० रुपये. तेही नशिबात नसेल तर ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं आणि बिल निघायची वाट बघायची. अशा मुलांनी बाहेरचा विचार केला तर त्यात वावगं काहीच नाही.

त्यातल्या एकीची ही गोष्ट. तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ती तासगावकडची, वय सत्तावीस. घरची द्राक्षबाग. दोन हंगाम अवकाळीनं गेले आणि सोसायटीचं व बँकेचं मिळून सहा लाखांच्या आसपास कर्ज अंगावर राहिलं. धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला. ती पहिल्यांदा आली ती मोबाइलमध्ये व्हिडिओ साठवूनच. कोरियात शिकवणारी एक अमेरिकन मुलगी सांगत होती, घर फुकट, विमानाचं तिकीट फुकट, वर्षाला अमुक हजार डॉलर शिल्लक.

मी तिला आधी एकच विचारलं, “ही मुलगी कुठल्या पासपोर्टवर गेलीय?”

इंग्रजी शिकवण्यावर इंटरनेटवर जे सल्ले मिळतात, त्यातले बहुतेक अमेरिका-इंग्लंडच्या मुलांसाठी लिहिलेले असतात. कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया करारात, इंग्रजीची पदवी आणि शिक्षक म्हणून पात्रता असलेल्या भारतीयांना शाळेत सहायक होण्याची वाट आहे, पण ती फार अरुंद. चीनमध्येही याच सात देशांच्या पासपोर्टला झुकतं माप आहे. शिवाय २०२१ मध्ये तिथल्या सरकारने खासगी शिकवण्यांवर निर्बंध आणल्यावर कितीतरी सेंटर बंद पडली.

हे ऐकल्यावर ती गप्प झाली. मग हळूहळू खरी गोष्ट बाहेर आली. व्हिएतनाममधल्या एका सेंटरसाठी तिने ऑनलाइन डेमो दिला होता. धडा चांगला झाला. शेवटी समोरच्या माणसाने उच्चार ‘न्यूट्रल’ नाहीत असं सांगितलं आणि आणखी एक फोटो मागितला, उजेडात काढलेला. नंतर तासाला १२ डॉलरची ऑफर आली. त्याच सेंटरची गोऱ्या शिक्षकांसाठीची जाहिरात २० डॉलरची होती.

“मला शिकवता येत नाही का, मॅडम?” असं म्हणून ती रडली.

तो तास आम्ही देश, व्हिसा, पगार सगळं बाजूला ठेवलं. मी तिला तिच्या वर्गाबद्दल बोलायला लावलं. अकरावीच्या मराठी माध्यमातून आलेल्या पोरांना ती पॅसिव्ह व्हॉइस कसा शिकवते, ते तिने तिथल्या तिथे करून दाखवलं. बेदाण्याच्या शेडवरचीच वाक्यं घेतली होती: द्राक्षं तोडली जातात, धुतली जातात, जाळीवर पसरली जातात. पोरांना कर्ता कुठं गेला ते लगेच कळतं, म्हणाली. ही बाई शिकवण्यात कुठंच कमी नाही, हे मला तेव्हाच पटलं आणि तिलाही ते तोंडावर सांगितलं. रंगावरून, पासपोर्टवरून भाव ठरवणारा बाजार आहे आणि तो अन्यायाचा आहे. पण त्या बाजारात मिळालेला भाव म्हणजे आपली लायकी, असं धरून जे निर्णय घेतात ते मिळेल त्या कागदावर सही करून मोकळे होतात. माझी खरी काळजी ती होती.

कारण त्या ऑफरमध्ये एक ओळ होती: सध्या टुरिस्ट व्हिसावर या, वर्क परमिटचं नंतर बघू. व्हिएतनाममध्ये शिकवायला पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला आणि वर्क परमिट लागतं. पर्यटक म्हणून जाऊन शिकवणं बेकायदा आहे. पकडलं तर सेंटरवाला दंड भरून सुटेल, तुमची मायदेशी रवानगी होईल. व्हिएतनाम वाईट आहे असं मी म्हणत नाही. कागद नीट असतील तर तिथे राहणं-खाणं स्वस्त पडतं. पण सेंटरमध्ये पैसे तासावर असतात आणि तेत या त्यांच्या नववर्षाला सगळं बंद झालं की तासही बंद. तिच्या हिशेबात आठवड्याला २० तास आणि महिन्याला ९६० डॉलर धरले होते. सुट्टी, आजारपण, कर यातलं काही धरलंच नव्हतं.

थायलंडचंही तसंच. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना टोइकसारख्या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात, पुष्कळ कॉन्ट्रॅक्ट दहा-अकरा महिन्यांची असतात आणि मार्च-एप्रिल बिनपगारी जातात. थायलंडच्या नावाने येणाऱ्या नोकऱ्यांबाबत तर मी सगळ्यांना बजावते. तिथे उतरवून पुढे म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेलेल्या भारतीय मुलांबद्दल परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ पासून इशारे दिलेत. व्हिसा इथून निघण्याआधी हातात पाहिजे, तोही कामाचा.

मालदीवचं नाव तिच्या एका मैत्रिणीने सुचवलं होतं. भारतीय शिक्षकांची ती जुनी वाट आहे, आणि लांबच्या बेटावर खर्चायला काही नसतं हेही खरं. पण पगार रुफियात मिळतो, देशात डॉलरची टंचाई आहे आणि बँकेतून घरी किती पाठवायचे यावर मर्यादा येतात. कर्ज फेडायला निघालेल्या माणसाने हा धोका आधी बघावा.

शेवटी टेबलावर दोन खरी ऑफर लेटर उरली, दोन्ही सीबीएसई शाळांची, दोन्ही एप्रिलपासून. एक यूएईतल्या (संयुक्त अरब अमिरातीतल्या) शारजाची, महिन्याला ४,५०० दिरहम. दुसरी ओमानमध्ये मस्कतपासून बऱ्याच लांबच्या एका गावची, २८० रियाल. तिचा कल अर्थातच शारजाकडे होता. त्या वेळी दिरहम २३ रुपयांना होता, म्हणजे १,०३,५०० रुपये. ओमानचे जेमतेम ६१ हजार. शिवाय दुबईत चुलतबहीण.

मी कोरा कागद पुढे केला. “पगार लिहू नकोस. वर्षाअखेर तासगावात किती पोचतील ते लिही.”

शारजाच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये घर नव्हतं. दोघींत एक खोली धरली तर १,४०० दिरहम, जेवण ७००, फोन-प्रवास-सटरफटर ४००. महिन्याला उरले २,०००. मग तिने बारीक अक्षरातलं कलम वाचलं: पहिल्या वर्षी जुलै-ऑगस्टचा पगार नाही. म्हणजे दहा महिन्यांचे २०,०००. त्यातून त्या दोन महिन्यांचं भाडं २,८०० गेलं, सुट्टीतल्या महागड्या तिकिटाचे १,५०० गेले. राहिले १५,७००. रुपयांत ३ लाख ६१ हजार.

ओमानच्या शाळेने खोली दिली होती, तिकीट दिलं होतं, पगार बारा महिने. जेवण आणि किरकोळ मिळून ७० रियाल. महिन्याला २१० उरतात, वर्षाचे २,५२०. रियाल तेव्हा २१९ रुपयांना होता. साडेपाच लाखांच्या वर.

तिने बेरीज पुन्हा केली. मग पुन्हा एकदा.

आणखी एक गोष्ट त्या शारजाच्या कागदावर होती, ती मी मुद्दाम दाखवली. ४,५०० मध्ये बेसिक, म्हणजे मूळ पगार, फक्त १,८०० होतं, बाकी भत्ते. यूएईच्या कायद्यात एक वर्ष पूर्ण झाल्यावर पहिली पाच वर्षं दर वर्षामागे २१ दिवसांची ग्रॅच्युइटी मिळते, पण ती बेसिकवर. म्हणजे वर्षाचे १,२६० दिरहम. आकडा मोठा दिसावा म्हणून भत्ते फुगवलेले असतात, आणि निघताना हातात येतं ते बेसिकच्या हिशेबाने. बेसिक किती हे न विचारता सही करू नये.

“शिकवण्या घेईन की संध्याकाळी,” ती म्हणाली. हे सगळेच म्हणतात. आखातात परवानगीशिवाय खासगी शिकवणी घेता येत नाही. यूएईने डिसेंबर २०२३ मध्ये त्यासाठी वेगळा परवाना सुरू केला. शिकवणीचे पैसे हिशेबात धरायचेच नाहीत, असं मी सांगते.

पुढच्या भेटीला तिचे अण्णा आले, छाटणी आटोपून. खुर्चीच्या कडेवर बसले होते. पोरगी शारजा सोडून ओमानच्या गावात का जाते, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. मी कागद दाखवला. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “आमचं पाहुणं गलाईला गेलं मद्रासकडं. विट्याची माणसं समदी. त्यांनी निघताना पगार न्हाई इचारला, ऱ्हायाचं कुठं आन जेवायचं कुठं ते इचारलं. राह्यलं बरोबर तर पैका राहतो.” मला तासभर लागला असता ते त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. खानापूर-आटपाडीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायला मुलखाबाहेर गेली. आपल्या भागाला हे शहाणपण नवं नाही.

खरी अवघड बोलणी त्यानंतर झाली. पैसे कुणाचे? आईला वाटत होतं, दोन वर्षांत कर्ज फिटावं आणि लग्नालाही काढून ठेवावं. भावाची फी होतीच. तिच्या स्वतःच्या वाट्याचं कुणीच बोलत नव्हतं, तीही नाही. परदेशी गेलेल्या मुलींच्या पगारावर घरातली एकेक गरज बसत जाते आणि चार वर्षांनी त्या परत येतात तेव्हा त्यांच्या नावावर काही नसतं. हे मी पुष्कळ बघितलंय आणि मला त्याचा फार त्रास होतो. म्हणून मी अण्णांसमोरच विषय काढला. ठरलं ते असं: महिन्याला २५,००० कर्जाला, बाकीचे तिच्या नावाच्या एनआरई खात्यात, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायच्या अनिवासी भारतीयांच्या बँक खात्यात. भावाने शैक्षणिक कर्ज काढायचं. अण्णांनी मान डोलावली. आई रागावली होती, तिच्याशी मी वेगळी दोनदा बोलले. एनआरई खात्यावरच्या व्याजाला इथे कर नाही, आणि अनिवासी झाल्यावर आधीचं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे इथल्या पैशांसाठीचं अनिवासी खातं, करून घ्यावं लागतं, हेही तिला सांगून ठेवलं.

कागदपत्रांत डिसेंबर-जानेवारी गेला. पासपोर्टवर नाव एका क्रमाने, शिवाजी विद्यापीठाच्या पदवीवर आडनाव आधी, दहावीच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग निराळं. आपल्याकडे हे घरोघरी आहे आणि ऑफर येण्याआधीच दुरुस्त करायला हवं. ओमान आणि भारत दोघेही अपोस्टिल करारात, म्हणजे एकाच शिक्क्यावर एकमेकांची कागदपत्रं मानण्याच्या करारात, असल्याने तिचं काम तुलनेनं सोपं झालं. यूएईला राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि वकिलात अशा पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या.

मधेच एका एजंटने दीड लाख मागितले. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. त्याचा परवाना क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या साइटवर तपासायला सांगितला. सापडला नाही. शाळेची भरती थेट होती, एजंटाची गरजच नव्हती.

एकटेपणाबद्दल मी तिला आधीच स्पष्ट बोलले होते. शाळा दीडला सुटते, बाहेर ऊन, गावात करण्यासारखं काही नाही. ज्यांना माणसांत राहिल्याशिवाय जमत नाही, त्यांना मी कमी शिल्लक राहिली तरी शहर घ्या असं सांगते. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, बागेत राखणीला राहून मी बी.एड. केलंय. पहिले तीन महिने तरी जड गेले. फोनवर रडायची. मग केरळच्या दोन शिक्षिकांबरोबर तिचं स्वयंपाकाचं जमलं आणि दुपारच्या वेळात तिने सेल्टा या केंब्रिजच्या इंग्रजी शिकवण्याच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशाची तयारी सुरू केली. त्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष वर्गावर सहा तास शिकवावं लागतं. नुसत्या ऑनलाइन १२० तासांच्या सर्टिफिकेटपेक्षा पुढच्या नोकरीत त्याला वजन आहे, म्हणून खर्च जास्त असूनही मी तिला तेच सुचवलं.

पहिल्या वर्षाचे ३ लाख कर्जात गेले आणि २ लाख १० हजार तिच्या खात्यात आहेत. हिशेबापेक्षा थोडे कमी, कारण दाताच्या डॉक्टरांचा खर्च विम्यात बसला नाही.

आता शाळेने पगार २० रियालने वाढवायची तयारी दाखवली आहे, पण तीन वर्षांचा बाँड मागितला आहे. मुदतीआधी सोडलं तर दोन महिन्यांचा पगार भरायचा. सेल्टा झाल्यावर तिला दुसरीकडे बघायचं आहे, कर्ज मात्र अजून निम्मं बाकी आहे. मी तिला बाँडचं पूर्ण कलम पाठवायला सांगितलंय आणि शाळेला एका वर्षाच्या नूतनीकरणाबद्दल लेखी विचारायला सांगितलंय. या रविवारी अण्णांनाही व्हिडिओ कॉलवर घेणार आहोत.