रंगवारी: सिंटॅक्स हायलायटिंगला मराठीत काय म्हणावं?

देवगडजवळ शाळकरी मुलांना पायथन शिकवणाऱ्या एका बाईंचा प्रश्न आहे. त्यांच्या हाती आलेल्या मराठी टिपणात 'सिंटॅक्स हायलायटिंग'ला, म्हणजे कोड लिहायचा एडिटर शब्द रंगवून दाखवतो त्याला, 'वाक्यविन्यास ठळकीकरण' म्हटलंय आणि टेक्स्ट टर्मिनलमधल्या (आज्ञा टाइप करायच्या, अक्षरांच्याच खिडकीतल्या) ग्राफिक्सला 'मजकूर टर्मिनलातील आलेख'. मुलं वाचतात आणि खिदळतात. बरे शब्द आहेत का?

मुलांचं चुकलेलं नाही. 'ठळक' ही जागा मराठीत बोल्डने कधीच अडवलेली आहे. टर्मिनलमध्ये तर बोल्ड आणि रंग या सरळ दोन वेगळ्या आज्ञा: १ म्हणजे ठळक, ३१ म्हणजे लाल. (काही टर्मिनलं ठळक सांगितलं की रंगच उजळ करतात, तो घोळ निराळा.) आणि 'वाक्यविन्यास' कशाला? एडिटर वाक्याची रचना क्वचितच रंगवतो. तो शब्दांच्या जाती रंगवतो. इफ आणि फॉर एका रंगात, अवतरणातला मजकूर दुसऱ्या, कॉमेंट तिसऱ्या, बहुधा फिकट.

जातीनुसार रंग म्हणून 'रंगभेद' म्हणायला जाल, तर तो शब्द दक्षिण आफ्रिकेच्या नावावर लागलेला आहे. 'वर्णांकन' मला क्षणभर मोहात पाडून गेला. वर्ण म्हणजे अक्षरही आणि रंगही, याहून नेमकं काय हवं! पण वर्णाचा तिसरा अर्थ वर्गात काढला की पायथन बाजूलाच राहील.

माझं उत्तर पत्त्यांतून येतं. गणपतीत रात्री डाव बसतो तेव्हा आपण 'रंगाचं पान टाक' म्हणतो. इथे रंग म्हणजे जात. इस्पिक आणि किलवर दोन्ही काळेच, तरी रंग वेगळे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० पानं आणि दहा रंग, एकेका अवताराचा एक, आणि पानाची जमीनही त्या त्या अवताराच्या ठरल्या रंगाची. तिथे तर रंगावरूनच रंग कळतो! एडिटर नेमकं हेच करतो. म्हणून 'वर्गवारी'च्या चालीवर मी 'रंगवारी' सुचवतो. 'या फाइलला रंगवारी लागू नाही', 'रंगवारी बंद करून बघ', ही वाक्यं जिभेला अडत नाहीत. एडिटरच्या थीमसाठी, म्हणजे कशाला कोणता रंग त्या ठरावासाठी, नवा शब्द नकोच, साडी-ब्लाउजपासून 'रंगसंगती' घरात आहे.

नामापेक्षा क्रियापदांकडे मात्र जास्त लक्ष द्यावं, आपली खरी श्रीमंती तिथे आहे. रंग येतो, चढतो, उतरतो, लागतो. मालवणी मुलगा 'कलर इलो!' म्हणेल, तेही चालेल. आता टर्मिनल बघा. एडिटरमध्ये फाइल बिनरंगाचीच असते, रंग वाचताना चढतो. टर्मिनलमध्ये रंग मजकुरातूनच वाहत येतो: आधी २७ क्रमांकाचं, न दिसणारं एस्केप नावाचं अक्षर, मग उघडा चौकोनी कंस, ३१ आणि एम. तिथून पुढचं सगळं लाल. रंग उतरवायला तोच क्रम, फक्त ३१च्या जागी ०. हे शून्य पाठवायचं राहिलं की प्रोग्राम संपतो, पण प्रॉम्प्टही (पुढची आज्ञा मागणारी खूण) लालच राहतो. नव्या लुंगीबरोबर पांढरा शर्ट भिजवल्यावर होतं तेच. 'पुढच्या ओळीला रंग लागला' एवढं सांगितलं तरी मुलाला चूक कुठे शोधायची ते कळतं. एडिटरमध्येही तीन अवतरणचिन्हांनी उघडलेली स्ट्रिंग बंद केली नाही तर खालची सगळी फाइल एका रंगात जाते.

'आलेख' चूकच. आलेख म्हणजे ग्राफ, पावसाच्या मिलिमीटरचा काढतात तो. ग्राफिक्सला 'चित्र' पुरतं, नाहीतर ग्राफिक्सच म्हणा. टर्मिनलमध्ये चित्र कसं उमटतं ते मात्र ठिपक्यांच्या रांगोळीवरून सांगा. ८० रकाने आणि २४ ओळी अशी जुनी चौकट घेतली, तर एका घरात एकच अक्षर मावतं. पण वरचं अर्धं घर भरणारं एक अक्षर आहे. त्याला एक रंग आणि घराच्या जमिनीला दुसरा दिला की एका घरात दोन ठिपके झाले. युनिकोडमधली ब्रेल अक्षरं घेतली तर दोन उभ्या रांगांत चार-चार, म्हणजे घरात आठ ठिपके आणि त्यांच्या २५६ तऱ्हा. त्या हिशेबाने तेवढ्याच पडद्यावर १६० गुणिले ९६ ठिपक्यांची रांगोळी निघते, फक्त एका घरातल्या आठही ठिपक्यांना रंग एकच. सिक्सेल नावाची पद्धतही आहे, तिच्यात एकेक अक्षर सहा ठिपक्यांची उभी पट्टी सांगतं.

राहिलं 'मजकूर टर्मिनल'. मजकूर म्हणजे मुळात 'उल्लेखिलेला'. खोतीच्या जुन्या कागदांत 'मौजे मजकूर' येतं, पंचनाम्यात 'मजकूर इसम' येतो. त्या कानाला 'मजकूर टर्मिनल' म्हणजे 'सदरहू टर्मिनल'. मी 'अक्षरी टर्मिनल' म्हणेन. पावतीवर 'अक्षरी रुपये' लिहिताना तो शब्द आपण रोज वापरतोच.