वडिलांना दिलेला शब्द

प्रश्न : जेन ऑस्टिन यांच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’मध्ये वडील गेल्यावर त्यांची दुसरी बायको आणि तिच्या तीन मुलींना नॉरलँडचं घर सोडावं लागतं, पहिल्या बायकोचा मुलगा जॉन मात्र तिथला मालक होतो. त्या बायकांना कायद्याने काहीच मागता येत नव्हतं का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : एरवी आलं असतं. त्या काळी इंग्लंडात विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्याचं उत्पन्न हयातभर मिळे. पण नॉरलँड मुलींचे वडील हेन्री डॅशवूड यांच्या मालकीचं नव्हतंच. म्हाताऱ्या काकांनी मृत्युपत्रात त्यांना ते हयातीपुरतं दिलं आणि पुढे जॉन व त्याच्या चार वर्षांच्या मुलासाठी बांधून ठेवलं. घरात राहून काकांचं सगळं पाहिलं ते या मुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी. मुलींच्या वाट्याला प्रत्येकी हजार पौंड. मृत्युपत्राने डावललेल्या बायकोमुलांना कोर्टात दाद मागायची सोय तिथे १९३८च्या कायद्याने झाली. कादंबरी १८११ची.

मग उरला फक्त शब्द. मरणाच्या दारात वडिलांनी विनवलं, आई-बहिणींना सांभाळ. जॉनने कबूल केलं. दुसरं प्रकरण पुन्हा वाचाच. बहिणींना तीन हजार द्यायचे, असं जॉन मनाशी ठरवतो. त्याची बायको फॅनी मुलाचं नाव पुढे करते, की आकडा निम्म्यावर. मग आईला सालीना शंभराचं वर्षासन? फॅनी म्हणते, वर्षासन लावलं की माणसं मरतच नाहीत. मग अधूनमधून पन्नास. शेवटी ठरतं काय, तर घर शोधायला, सामान हलवायला मदत आणि हंगामात मासे व शिकार पाठवणं. एवढं करून सासूकडे राहिलेला न्याहारीचा चिनी मातीचा संच फॅनीच्या डोळ्यात सलतोच.

वाचक सगळा राग फॅनीवर काढतात. मला जॉनचा जास्त येतो. त्याला सख्ख्या आईची इस्टेट होती, बायकोनेही पैसा आणला होता, आणि प्रत्येक वेळी कमी आकडा त्याच्याच तोंडून येतो!

आता फॅनीचा भाऊ एडवर्ड पाहा. लूसीवरचं प्रेम केव्हाच आटलेलं, तरी लग्नाचा शब्द मोडायला तो तयार नाही. दुसरीशी लग्न केलंस तर नॉरफोकची सालीना हजार पौंडांची जमीन तुझी, असं आई सांगते. तो नाही म्हणतो आणि जमीन धाकट्या रॉबर्टकडे जाते. ही हकिगत थोरल्या बहिणीला, एलिनॉरला, येऊन सांगतो कोण? जॉनच. एडवर्ड इतका हट्टाला का पेटला, हे त्याला काही केल्या उमगत नाही.