मुंबईत वन बीएचकेमध्ये लॅब्रॅडॉर आणतोय, त्याची नीट काळजी कशी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की मुलुंडला वन बीएचकेमध्ये राहता, दोघंही नोकरीला जाता, दिवसभर घरी फक्त सासूबाई असतात आणि मुलाच्या हट्टामुळे लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणायचं जवळजवळ ठरलंय. महागडं खाणं, एसी, ट्रेनर हे सगळं लागतंच का, असं विचारलंय. मी भांडुपला राहते. घरात चिंगी नावाची गावठी कुत्री आहे आणि तिच्याआधी एक लॅब होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. मुंबईत कुत्र्याला खरा त्रास होतो तो दमट हवेचा, गोचिडींचा आणि पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्याचा. यातून होणारं दुखणं लगेच कळत नाही. कळतं तेव्हा बरेचदा उशीर झालेला असतो. त्यामुळे पैशापेक्षा जास्त कामाला येतो तो रोज अंगावरून फिरणारा हात. रात्रीची जेवणं उरकली की कुत्र्याला जवळ घ्यायचं आणि दहा मिनिटं नीट चाचपायचं. कानाची पाळी उलटी करून आत बघायचं, वास घ्यायचा. आंबूस वास आला किंवा तपकिरी मळ दिसला तर इन्फेक्शन सुरू झालंय. लॅबचे कान लोंबते असल्यामुळे आपल्या हवेत हे हमखास होतं. मग पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी बोटं फिरवायची. पंजा हातात घेऊन प्रत्येक बोटाच्या बेचक्यात बघायचं. शेवटी ओठ वर करून हिरडी बघायची. ती गुलाबी हवी. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि सोडल्यावर साधारण दोन सेकंदांत रंग परत येतो. आपल्या कुत्र्याची हिरडी एरवी कशी दिसते हे डोळ्यांत बसलं, की फिकी पडलेली चटकन ओळखू येते.

चिंगीच्या बाबतीत हेच झालं. एका संध्याकाळी तिने दहीभाताकडे पाहून तोंड फिरवलं. एरवी ताट जमिनीला टेकायच्या आत तुटून पडणारी ती. अंग गरम, हिरड्या नेहमीपेक्षा फिक्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टरांनी रक्त तपासलं तर प्लेटलेट खूप खाली आलेले. टिक फीवर, म्हणजे गोचिडी चावून होणारा ताप. चार आठवडे डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स झाला आणि ती ठणठणीत बरी झाली. अंगावर त्या दिवशी एकही गोचीड नव्हती, हे मुद्दाम सांगते. गोचीड चावून गळून गेल्यावरही आजार एक-दोन आठवड्यांनी डोकं वर काढू शकतो. म्हणून ‘आमच्याकडे गोचिडी नाहीत’ म्हणून गाफील राहू नका. खाणं बंद, ताप, सुस्ती, नाकातून रक्त, पोटावर लालसर ठिपके यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करून घ्या.

गोचिडींबद्दल आणखी थोडं, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त यांच्याशीच झुंजावं लागणार आहे. आपल्याकडे कुत्र्यांवर दिसते ती तपकिरी गोचीड घरातही वाढते. रक्त पिऊन टम्म फुगली की खाली पडते, भिंतीवर चढते, स्कर्टिंगच्या फटीत, पलंगाच्या सांध्यात, खिडकीच्या चौकटीत शिरते आणि तिथे हजारोंनी अंडी घालते. नुसत्या कुत्र्याला आंघोळी घालून ती जाणार कशी? महिन्याला किंवा तीन महिन्यांनी एकदा द्यायच्या चघळायच्या गोळ्या मिळतात, त्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून घ्या आणि बारा महिने चालू ठेवा. मुंबईत थंडी अशी पडतच नाही की गोचिडी मरतील. कुत्र्याला फिट्स येत असतील तर गोळी देण्याआधी ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. अंगावर एखादी सापडली तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढायची आणि स्पिरिटमध्ये टाकायची. नखाने चिरडायची नाही, रॉकेल लावायचं नाही, काडीने चटका द्यायचा नाही.

आता पाऊस. तुमच्या भागात रस्त्यावर पाणी तुंबतं की नाही हे तुम्हाला माहीतच असेल. त्या पाण्यात उंदीर-घुशींचं मूत मिसळलेलं असतं आणि त्यातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा आजार, होतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत माणसांमध्ये लेप्टोची किती मोठी साथ आली होती, ते अनेकांना आठवत असेल. साचलेल्या पाण्यातून चालत आला असाल तर डॉक्टरांकडून गोळ्या घ्या, असं महापालिका दर पावसाळ्यात लोकांना सांगते. त्याच पाण्यातून कुत्रा उघड्या पंजांनी चालतो आणि घरी येऊन पंजे चाटतो. लेप्टोची लस दर वर्षी द्यावी लागते. ती मे महिन्यातच, पावसाआधी टोचून घ्या. कुत्र्याला झाला तर तो त्याच्या मुतातून तुम्हाला आणि मुलालाही होऊ शकतो, तेव्हा इथे कंजुषी नको. पावसातून आला की पंजे साध्या पाण्याने धुवायचे आणि जुन्या सुती कापडाने बोटांच्या बेचक्यांतून कोरडे करायचे. धुण्याइतकंच कोरडं करणं महत्त्वाचं आहे. ओल राहिली की बुरशी येते, खाज सुटते, कुत्रा रात्रभर पंजे चाटत बसतो. आणि पावसाळ्यात समुद्रावर नेलंत तर वाळूत पडलेल्या निळ्या फुग्यांसारख्या जेलीफिशपासून त्याला लांब ठेवा. जुहू, गिरगाव, अक्सा, सगळीकडे त्या वाहून येतात. मेलेल्या दिसल्या तरी डंख मारतात आणि लॅबला दिसेल ती वस्तू तोंडात घालायची सवय असते.

एसी लागतोच का, याचं उत्तर लॅबसाठी तरी ‘नाही, पण’ असं आहे. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. आपल्याकडे हवेतच एवढी आर्द्रता असते की नुसत्या धापेने भागत नाही. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात फिरायला सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी अंधार पडल्यावरच न्या. रस्त्यावर तळहाताची मागची बाजू टेकवून बघा. तुम्हाला पाच सेकंद ठेवता आली नाही तर त्याचे पंजे भाजणार. घरात पंखा, लादी आणि भरपूर पाणी एवढ्यावर लॅब राहतो, मात्र तो लठ्ठ नसला पाहिजे. पग, फ्रेंच बुलडॉग यांसारखी चपट्या नाकाची कुत्री किंवा हस्की, सेंट बर्नार्ड मुंबईत आणूच नयेत असं मला मनापासून वाटतं. उन्हात जीभ गडद लाल, लाळ चिकट आणि चाल झोकांड्या खाणारी झाली तर तो उष्माघात. सावलीत नेऊन अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.

घरात एक डिजिटल थर्मामीटर त्याच्यासाठी वेगळा ठेवा. कुत्र्याचं नॉर्मल तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे तो आपल्या हाताला नेहमीच गरम लागतो. मोजायचं गुदद्वारातून, टोकाला थोडं व्हॅसलीन लावून. १०३ च्या वर गेलं तर डॉक्टरांना फोन. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्रुफेन मात्र कधीही देऊ नका. आयब्रुफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होतात.

खाण्याचं सासूबाईंशी आधीच नीट बोलून घ्या, कारण दिवसभर वाटी त्यांच्याच हातात असणार. आपल्या घरांतून कुत्र्याला दूध-पोळी घालायची जुनी पद्धत आहे, त्यामागे मायाच असते. पण नुसत्या दूध-पोळीवर वाढणाऱ्या पिल्लाला प्रथिनं पुरत नाहीत आणि बऱ्याच कुत्र्यांना दूध पचतही नाही. पहिलं वर्ष पिल्लांचं चांगलं तयार खाणं द्या. लॅब मोठ्या हाडापेराचा असतो, त्याला कॅल्शियमचं प्रमाण नेमकं लागतं आणि ते घरच्या जेवणात साधणं कठीण. नंतर घरचं द्यायचं असेल तर उकडलेलं चिकन, भात, भोपळा, गाजर, अंडं. मीठ-मसाला नको. चिकनची शिजलेली हाडं अजिबात नकोत, त्यांचे कपचे होऊन आतडं फाटतं. कांदा आणि लसूण त्याच्या रक्ताला घातक, म्हणजे आपली जवळजवळ प्रत्येक आमटी-भाजी बाद. आणि मनुका, बेदाणे, द्राक्षं! गणपतीत शिऱ्याचा प्रसाद घरोघरी असतो, त्यातले बेदाणे कुत्र्याचं मूत्रपिंड बंद पाडू शकतात. सासूबाईंना ‘देऊ नका’ एवढंच सांगू नका, का देऊ नये तेही सांगा. त्यांना पटलं की त्या तुमच्यापेक्षा कडक लक्ष ठेवतील.

पिल्लू आणताना वय विचारा. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तरी महिन्याभराची पिल्लं ‘दोन महिन्यांचं आहे’ म्हणून गळ्यात मारली जातात. आईला बघायला मिळणार नसेल तर तिथून पिल्लू घेऊ नका. पार्वो-डिस्टेंपर या विषाणूंच्या जीवघेण्या आजारांवरच्या लसी दीड-दोन महिन्यांपासून सुरू होऊन तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात, रेबीजची तीन महिन्यांनंतर. तोवर पिल्लाला खाली रस्त्यावर सोडायचं नाही. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन् महिने जिवंत राहतो आणि रक्ताची हगवण लागून पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं. पण घरात कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन खाली न्या. रिक्षा, लिफ्ट, स्टेशनची गर्दी, कुकरच्या शिट्या, ढोल-ताशा हे सगळं त्याच्या कानावर त्याच वयात पडू दे. पुढे दिवाळीत थरथरत पलंगाखाली बसणारं कुत्रं बरेचदा याच दिवसांत आवाजाला सरावलेलं नसतं. आणि घरात टाईल्स असतील तर त्याच्या वाटेवर रबरी मॅट किंवा सतरंज्या अंथरा. लॅबला खुब्याचा त्रास मुळातच जास्त, त्यात वाढत्या वयात पाय घसरत राहिले तर आणखी बिघडतं.

मादी आणणार असाल तर नसबंदीचं ऑपरेशन कधी करायचं ते डॉक्टरांना सुरुवातीलाच विचारा. ऑपरेशन न झालेल्या कुत्रीला पुढे गर्भाशयात पू होऊ शकतो, आणि तो जिवावर बेततो.

महापालिकेचं लायसन्स काढावंच लागतं, त्याला रेबीजचं सर्टिफिकेट लागतं. सोसायटीत कुरबुर होईल. बहुमताने ठराव केला तरी सोसायटी कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही, लिफ्टही नाकारू शकत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांमध्ये स्पष्ट आहे. पण भांडायची वेळ येऊ न देणं तुमच्या हातात असतं. शी उचलायला पिशवी प्रत्येक वेळी सोबत, लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरलेला, आणि कोणी घाबरत असेल तर पुढची लिफ्ट. तुमचं मुलुंड नॅशनल पार्कला लागून आहे, तेव्हा जंगलाच्या बाजूला राहत असाल तर रात्री कुत्र्याला एकटं खाली सोडू नका. बिबट्या कुत्रा उचलतो.

ट्रेनर लागेलच असं नाही, पण वेळ लागेल. लॅबला रोज सकाळ-संध्याकाळ मिळून तास-दीड तास पळणं, चालणं, हुंगणं हवं. हुंगू द्या त्याला, ओढत नेऊ नका. सात-बावन्नची लोकल पकडून रात्री आठला परतणाऱ्या माणसाला हे जमतं का, ते आधी दोघांनी बसून ठरवा. मुलगा फिरवेल असं आज म्हणेल, पण त्याची परीक्षा आली की ते काम तुमच्याकडेच येणार. आणि वर्षभरात तीसेक किलोचा होणारा लॅब सासूबाईंच्या हाताला झेपेल का? त्याने एक हिसका दिला तर त्या पडतील. मला विचाराल तर एखाद्या संस्थेतून दीड-दोन वर्षांची, शांत, लसी झालेली गावठी कुत्री बघा. या हवेत पिढ्यान् पिढ्या जगलेली जात आहे ती. तिच्यासाठी दुपारी कोणीतरी घरात असणं हेच मोठं सुख असतं.

दवाखाना मात्र पिल्लाआधी शोधा. जवळचे एक डॉक्टर ठरवा, आणि मोठं काही झालं तर कुठे जायचं तेही. परळचं बैलघोडा हॉस्पिटल जुन्या मुंबईकरांना ठाऊक आहे. त्याच आवारात १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय कॉलेज आहे. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं नवं मोठं हॉस्पिटल सुरू झालं. रात्री कुठे डॉक्टर हजर असतात ते फोन करून विचारा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा, म्हणजे सासूबाईंनाही सापडेल. बरेच रिक्षावाले, टॅक्सीवाले कुत्रा बघून नाही म्हणतात, पावसात तर नक्कीच. त्यामुळे बिल्डिंगमध्ये गाडी असलेल्या एखाद्या शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवा, रात्री दोन वाजता दार वाजवलं तर चालेल ना म्हणून.