ज्येष्ठ नागरिक योजनेतले पंधरा लाख आणि शेडमधलं सुतारकाम

प्रश्न (मनीषनगर, नागपूर): मी ६२ वर्षांचा, २०२३ मध्ये खासगी नोकरीतून निवृत्त झालो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख ठेवले. पत्नीला पेन्शन आहे, त्यामुळे तिमाही व्याजातलं निम्मंच घरात लागतं. घरामागे दहा बाय चौदाची पत्र्याची शेड आहे आणि लाकूडकामाची आवड लहानपणापासूनची. टेबल सॉ (टेबलातून पातं वर आलेली यांत्रिक करवत), मोठा प्लॅनर (रंधायचं यंत्र), बँड सॉ (पट्टीसारख्या पात्याची यांत्रिक करवत) आणि भुसा ओढणारं यंत्र असं ३ लाख ४० हजारांचं कोटेशन आणलं आहे. ठेव मोडू का? स्टूल-टेबलं विकून महिन्याला आठ-दहा हजार सुटतील असं वाटतं. विश्वकर्मा योजनेतून कर्ज मिळेल का?

उत्तर: शेडमध्ये काम सुरू करा, अगदी या महिन्यात करा. पण ठेवीला हात लावू नका आणि ते कोटेशन सध्या बाजूला ठेवा.

आधी ठेवीचं सांगतो, कारण इथे एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. या खात्यातून मधेच थोडी रक्कम काढता येत नाही. ३ लाख ४० हजार हवेत म्हणून अख्खं १५ लाखांचं खातं बंद करावं लागेल. दोन वर्षं उलटून गेल्यामुळे त्यावर १ टक्का कपात, म्हणजे १५ हजार रुपये. उरलेले ११ लाख ४५ हजार पुन्हा गुंतवाल ते त्या दिवशीच्या दराने. आज तुम्हाला ८.२ टक्के मिळतात आणि ते ऑगस्ट २०२८ पर्यंत पक्के आहेत. असा बांधलेला दर हातचा सोडू नये.

मशिनांत अडकणाऱ्या ३ लाख ४० हजारांवर ८.२ टक्क्यांनी वर्षाला २७,८८० रुपये येतात, महिन्याला साधारण २,३००. आता तुमचं स्टूल धरू. समजा ते २,५०० रुपयांना गेलं आणि लाकूड, गोंद, पॉलिश, सँडपेपर मिळून १,३०० लागले. सुटले १,२००. म्हणजे नुसतं बुडालेलं व्याज भरून काढायलाच दर महिन्याला दोन स्टुलं. आठ-दहा हजार सुटायचे तर महिन्याला सात-आठ, आणि तेवढी गिऱ्हाइकंही हवीत. नवशिक्याला पहिल्या वर्षी एकेका स्टुलाला आठवडा लागतो आणि त्यातली दोन तरी डुगडुगतात. म्हणून पहिल्या वर्षाची कमाई शून्य धरा. शेजाऱ्यांना स्टूल विकून पैसे घेण्याचा विचार दुसऱ्या वर्षी करू.

विश्वकर्मा योजना तुमच्यासाठी नाही. १५ हजारांची हत्यारं आणि ५ टक्क्यांचं कर्ज हे सुतारकामावर ज्यांचं पोट आहे, त्यांच्यासाठी आहे. तिथे अर्ज करू नका.

मग पैसा कुठून? १५ लाखांचं तिमाही व्याज ३०,७५० रुपये. निम्मं घरात लागतं, उरतात १५,३७५, वर्षाचे ६१,५००. शेडचं बजेट एवढंच. त्याला बचत खात्यात वेगळं ठेवा आणि शेडमधला खिळाही त्यातूनच येऊ द्या. तिमाहीचं संपलं की पुढच्या तिमाहीची वाट पाहायची.

पहिल्या तिमाहीत मशीन एकच, वायरचा ड्रिल. बॅटरीचा घेऊ नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त, आणि उष्णतेत लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. बाकी सगळं हाताचं घ्या: चांगली करवत, एक रंधा, तीन पटाश्या (६, १२ आणि २५ मिलिमीटर), गुण्या, चार क्लॅम्प, लाकडी हातोडा आणि धारेचे दोन दगड. काम करायचं टेबल स्वतः करा, जड करा, आणि त्याला वाईस, म्हणजे लाकूड घट्ट धरणारा शिकंजा, बसवा. टेबल हललं की रंधा उडतो, आणि मग माणूस दोष रंध्याला देतो.

दगडांचे पैसे वाचवू नका, हे मी कळकळीने सांगतो. नवी पटाशी धारदार नसते. आधी तिची पाठ दगडावर सपाट करा. मग पंचवीस अंशांच्या उतारावर हजार नंबरच्या दगडावर घासत राहा, पाठीकडून बाहेरच्या बाजूला हलकेच बोट फिरवलं की बारीक कंगोरा लागेपर्यंत. तो सबंध रुंदीभर लागला म्हणजे धार टोकाला पोचली. मग बारीक दगडावर तो काढून टाका. हे काम ग्राइंडरवर घाईने केलंत आणि टोक निळं पडलं, तर पटाशीचं पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला. तेवढा भाग घासून टाकल्याशिवाय ती पुन्हा धार धरत नाही. सागवानात सिलिका असते, त्यामुळे धार तशीही लवकर जाते. ज्याला धार लावता येते त्याला तीनशे रुपयांची पटाशीही चालते. ज्याला येत नाही तो दर सहा महिन्यांनी नवं हत्यार आणतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या हिशेबांत हा खर्च मला नेहमी दिसतो.

मोठ्या प्लॅनरचं काम लकडगंजच्या लाकूडबाजारात करून घ्या. तिथे फळ्या घेतानाच मशीनवर रंधून, जाडी सारखी करून मिळतात. वर्षातून दहा-बारा फळ्यांसाठी स्वतःचा प्लॅनर हा निव्वळ अडकलेला पैसा आहे. सुरुवात शिवणीच्या लाकडावर करा. हलकं आणि हाताला मऊ. चंद्रपूर-बल्लारशाचं सागवान जगात नावाजलेलं आहे, पण शिकताना ते वाया घालवण्यात अर्थ नाही. नागपूरच्या महाल भागातल्या पडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान स्वस्त मिळालं तर जरूर घ्या, मात्र आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. भाव घनफुटाने सांगतात. इंचभर जाडीची फळी असेल तर एका घनफुटात बारा चौरस फूट बसतात, आणि गाठी, चिरा, कापणीत पाव भाग जाईल असं धरूनच खरेदी करा.

इथल्या हवेचाही एक खर्च आहे. माझ्या घरात मीच केलेलं सागवानी टेबल आहे. वरची फळी मी चौकटीला स्क्रूने चारही बाजूंनी आवळली होती. पावसाळाभर ती छान होती. मे महिन्यात, घर बंद ठेवून आम्ही गावाला गेलो आणि परत आलो तेव्हा मधोमध वीतभर चीर पडली होती. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, आडव्या अंगाने मात्र फुगतं आणि आकसतं. पावसाळ्यात दमट, उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत ओलं आणि शेजारच्या खोलीत कोरडंठाक, असं आपलं वर्ष असतं. म्हणून स्क्रूची भोकं आडवी लांबट ठेवा, फळीला सरकायला जागा द्या. फळ्या आणल्यावर दोन-तीन आठवडे शेडमध्ये खाली पट्ट्या देऊन रचून ठेवा, मगच कापा.

टेबल सॉबद्दल मी सावध आहे, ते किमतीमुळे नाही. लाकूड पात्याच्या मागच्या दातांवर आवळलं तर ते तुमच्या दिशेने फेकलं जातं. पुढे कधी घ्यालच तर पात्यामागे रायव्हिंग नाइफ (कापलेल्या फटीत राहून लाकूड पात्यावर आवळू न देणारी पट्टी) असलेलाच घ्या. त्याआधी वैयक्तिक अपघात विमा घ्या आणि बोटांच्या कायमच्या इजेला किती भरपाई आहे ते पॉलिसीत वाचा. तीन हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे सव्वादोन किलोवॉट, आणि सुरू होताना ती त्याच्या कितीतरी पट करंट ओढते. स्वयंपाकघरातून ओढलेल्या एक्स्टेंशनवर ती चालवू नका. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून शेडला अर्थिंगसह वेगळी लाइन घ्या. दुसऱ्या तिमाहीचे पैसे यासाठीच. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक म्हणून १९९५ पासून नोंदलेली आहे, त्यामुळे एन-९५ मास्क पहिल्या दिवसापासून नाकावर हवा.

एक वही करा. प्रत्येक वेळी हाताने करताना एखाद्या मशीनची गरज भासली की तारीख आणि किती तास गेले ते लिहा. तीन वेगवेगळ्या वस्तूंत एकाच मशीनचं नाव आलं, तर तेच मशीन पुढे घ्यायचं. मला वाटतं ते टेबल सॉ नसून पट्टीला टेकवून चालवायची छोटी हातातली वर्तुळाकार करवत निघेल.

काकूंना पहिलं स्टूल करून द्या, विकू नका. आणि खंडेनवमीला हत्यारांची पूजा कराल तेव्हा ती वही समोर ठेवून मला पुन्हा लिहा. तोपर्यंत साठलेल्या व्याजातून दुसरं मशीन कोणतं घ्यायचं ते तिच्यातल्या नोंदींवरून ठरवू.